पाईप कुठून न्यायचा?



ऊसपट्ट्यातल्या एका माउलीचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे, म्हणून छापत नाही. त्या लिहितात, "साहेब, आमचा थोरला मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला. आता म्हणतो, पुण्याला जाऊन कॉम्प्युटरवर पाईप टाकायचा कोर्स करतो. क्लासची फी ऐकून आमचे मालक म्हणतात, एक म्हैस विकून टाकू. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. कॉम्प्युटरवर पाईप टाकतात म्हणजे नेमके काय करतात? आणि त्यासाठी गाभण म्हैस विकावी का?"

पत्र वाचून मला हसू आले नाही. कारण हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी आमच्या वहिनींनी मला विचारला होता. माझा पुतण्या पुण्यात हेच काम करतो. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, पोरगा दिवसभर खुर्चीत बसून नळ ओढतो म्हणतो. नळ ओढायला खुर्ची कशाला लागते?" मी मातीचा माणूस, मला तरी काय ठाऊक! 'चांगले काम असते' एवढे बोलून मी वेळ मारून नेली होती. यंदा दिवाळीला पुतण्या घरी आला तेव्हा मात्र ओसरीवर त्याच्याशेजारी बसून सगळे समजून घेतले. ते तुम्हाला सांगतो. त्यात आपल्या शेतातल्या पाईपलाईनसाठीही बरेच घेण्यासारखे आहे.

साखर कारखाना तुमच्यापैकी अनेकांनी आतून पाहिला असेल. डोक्यावर पाईपांचे जाळे असते. एकातून उसाचा रस, दुसऱ्यातून वाफ, तिसऱ्यातून गरम पाणी, चौथ्यातून थंड. आपल्याला वाटते, फिटरने जागा दिसेल तिथून पाईप नेला. तसे नसते. कोणता पाईप कुठून निघेल, किती उंचीवर चढेल, कुठे वळेल हे बांधकामाच्या आधी कुणीतरी ठरवलेले असते. पूर्वी हे काम मोठ्या कागदांवर चाले. मोठ्या प्रकल्पांसाठी तर प्लास्टिकचे छोटे कारखाने बनवत, मुलांच्या खेळण्यासारखे, आणि पाईप एकमेकांना अडत नाहीत ना हे त्यावर पाहत. पुढे हे काम कॉम्प्युटरवर आले. इंग्लंडात केंब्रिज येथे १९६७ साली कॅडसेंटर नावाची सरकारी संस्था निघाली. तिने १९७० च्या दशकात पीडीएमएस नावाचा प्रोग्रॅम तयार केला, आणि प्लास्टिकचे खेळणे पडद्यावर आले. आज असे अनेक प्रोग्रॅम आहेत. पुतण्याने मला दाखवला तो ऑटोकॅडमधला प्लांट थ्रीडी.

कंपनीचे काम घरी आणता येत नाही. म्हणून त्याने माझ्यासाठी एक छोटा नमुना केला. एक रसाची टाकी, एक पंप आणि रस तापवणारा एक हीटर. "काका," तो म्हणाला, "असं समजा की ही टाकी म्हणजे आपली विहीर, हा पंप म्हणजे मोटर आणि हा हीटर म्हणजे वरचा तुकडा. आता पाईप टाका."

आधी यंत्रे आपापल्या जागी ठेवायची. प्रत्येकाचे तीन आकडे असतात. पूर्वेकडे किती, उत्तरेकडे किती आणि जमिनीपासून उंच किती. आपल्या गटाच्या नकाशात पहिले दोन असतात, तिसरा नसतो. आणि पाण्याचे सगळे दुखणे त्या तिसऱ्याच आकड्यात असते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

मग पाईपची जात निवडायची. कोणता धातू, किती जाडीचा, किती दाबाचा. ही यादी तज्ज्ञांनी आधीच तयार करून प्रोग्रॅममध्ये भरलेली असते. एकदा जात ठरली, की यादीबाहेरचा एल्बो किंवा वाल प्रोग्रॅम आपणहून पुढे करत नाही. आपल्याकडे चार किलोच्या लाईनीत अडीच किलोचा एखादा तुकडा दुकानदार खपवतो आणि तो नेमका तिथेच फुटतो, तशी चूक तिथे सहसा होत नाही. प्रत्येक लाईनीला नंबरही देतात. जनावराच्या कानातला बिल्लाच म्हणा ना.

त्यानंतर प्रत्यक्ष पाईप ओढणे. टाकीच्या तोंडावर टिचकी मारायची, दिशा द्यायची, अंतर टाकायचे, वळण द्यायचे. वळण दिले की एल्बो आपोआप बसतो. पुन्हा वर, पुन्हा बाजूला, की पंपाचे तोंड. मला वाटले, झाले काम! मी स्वतः माउस हातात घेतला आणि टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून हीटरपर्यंत पाईप ओढून दाखवला. पाच मिनिटे लागली. पुतण्याने पाहिले आणि हसून म्हणाला, "काका, तुम्ही पाच चुका केल्या."

पहिली, माझा पाईप एका लोखंडी खांबातून आरपार गेला होता. ही चूक प्रोग्रॅमच शोधतो. खांब उभारणारे, विजेच्या तारा टाकणारे आणि पाईपवाले सगळे एकाच नमुन्यावर काम करतात आणि कोण कुणाला धडकतो हे तपासून पाहता येते. यासाठी एक सोपी शिस्तही पाळतात. पूर्व-पश्चिम जाणारे पाईप एका उंचीवर, दक्षिण-उत्तर जाणारे दुसऱ्या उंचीवर. दिशा बदलली की उंची बदलायची, म्हणजे टक्करच होत नाही.

दुसरी, टाकी आणि पंप यांच्यामध्ये मी पाईप वर उचलून पुन्हा खाली आणला होता. त्या उंचवट्यात हवा धरते आणि पंपाचा घास तुटतो. पंपाच्या तोंडाशी मोठ्या पाईपचा लहान पाईप करतात, तिथेही तिरका रिड्यूसर सपाट बाजू वर ठेवून बसवतात. हेतू हाच, की हवेला बसायला जागा मिळू नये.

तिसरी, खोलगट भागात रस साचून राहील, तो काढायला कॉक दिला नव्हता. साचलेला रस आंबतो. चौथी, वाल मी दहा फूट उंचावर बसवला होता. रात्रपाळीच्या कामगाराने तो शिडी लावून फिरवायचा का? वाल माणसाच्या छातीच्या उंचीवर हवा. पाचवी, पंप उघडून दुरुस्त करायला मोकळी जागाच सोडली नव्हती.

यातली पहिली चूक प्रोग्रॅमने दाखवली. बाकीच्या चार त्याने मुकाट्याने करू दिल्या. पुतण्या म्हणाला, "हे यंत्र एल्बो बसवतं काका, अक्कल बसवत नाही. ती बाहेरून आणावी लागते." वाफेच्या लाईनीचेही तसेच. १०० मीटर लोखंडी पाईप १०० अंश सेल्सिअसने जास्त तापला, तर सुमारे १२ सेंटिमीटर लांब होतो. त्याला वाढायला जागा ठेवावी लागते, म्हणून मध्ये यू आकाराचे वळण देतात. ते वळण कुठे हवे हे पाईप ओढणाऱ्याला ठाऊक असावे लागते.

सगळे जुळले, की प्रोग्रॅम प्रत्येक लाईनीचा एक स्वतंत्र कागद काढून देतो. त्यावर लांबी, वळणे, सांधे आणि सामानाची यादी. किती फूट पाईप, किती एल्बो, किती बोल्ट. तो कागद घेऊन वर्कशॉपमध्ये तुकडे जोडतात आणि जागेवर नेऊन बसवतात. पडद्यावर चूक झाली तर ती पुसायला पैसा लागत नाही. लोखंड कापल्यावर लागतो, आणि गाळप सुरू झाल्यावर कळली तर सगळा कारखाना थांबतो.

कधी कधी त्याहूनही मोठी किंमत पडते. इंग्लंडात फ्लिक्सबरो नावाच्या गावाजवळ नायलॉनचा कच्चा माल बनवणारा कारखाना होता. तिथे सहा टाक्या ओळीने होत्या, प्रत्येक पुढची टाकी आधीच्या टाकीपेक्षा १४ इंच खाली. १९७४ साली पाचव्या टाकीला तडा गेला. काम थांबू नये म्हणून ती काढून चौथी आणि सहावी टाकी एका तात्पुरत्या पाईपने जोडली. दोन टाक्यांची उंची वेगळी, म्हणून पाईपला मध्ये वाकडेपणा आला, आणि दोन्ही टोकांना लवचिक जोड दिले. त्या पाईपचे चित्र काय ते वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढले होते. दाबाखाली वाकड्या पाईपला बाजूला रेटा बसतो, याचा हिशेब कुणी नीट केला नाही. पाईप जवळजवळ दोन महिने चालला. १ जून १९७४ रोजी स्फोट झाला आणि २८ माणसे गेली. चौकशीत बोट त्या पाईपकडेच गेले. पाईप कुठून न्यायचा, हा प्रश्न असा माणसांच्या जिवाशी येऊन भिडतो.

आता आपल्या शेताकडे येतो, आणि माझी स्वतःचीच चूक सांगतो. मी बी.एस्सी. ॲग्री, गावोगाव फिरून सल्ले देणारा. पण २००९ च्या मे महिन्यात आमच्या घरची पाईपलाईन टाकली तेव्हा पाऊस डोक्यावर आला होता आणि मला दोनच दिवस रजा होती. विहीर नाल्याकाठी, वरचा तुकडा चौदाशे फुटांवर, मध्ये एक उंचवटा. थोरले दादा म्हणाले, "सरळ नेऊ." मीही मान डोलावली. ९० मिलिमीटरचा पाईप, नजरेच्या अंदाजाने चारी, ना लेव्हल, ना कागद.

दुसऱ्या वर्षी उन्हाळी भुईमूग होता. नेमके शेंगा भरायच्या वेळी वरच्या तुकड्यावर पाणी निम्म्यावर आले. मोटर दोनदा वर काढली, एकदा रिवाइंड केली. दोष मोटरीचा नव्हताच. उंचवट्यावर हवा धरत होती आणि तिथे एअर वाल नव्हता. मी इतरांना जे सांगत फिरत होतो, ते घरी विसरलो. भुईमूग गेला. पुढे वळणावरचा एल्बो तीनदा निसटला. त्याचे कारण आता पुतण्याने आकड्याने दाखवले. ९० मिलिमीटरच्या पाईपात चार किलो दाब असेल, तर काटकोनी वळणाला बाहेरच्या बाजूला सुमारे साडेतीन क्विंटलचा रेटा बसतो. पन्नास किलोची सात पोती एल्बोला ढकलत असताना तो नुसत्या सोल्युशनवर किती तग धरणार? मागे काँक्रीटचा ठोकळा हवा होता.

२०१७ साली दादा गेले. पाईपलाईन कुठून जाते हे नक्की त्यांनाच माहीत होते. २०१९ मध्ये शेततळ्यासाठी जेसीबी लावला आणि पहिल्याच तासाला पाईप तुटला. पुढची लाईन कुठे आहे हे मलाही सांगता येईना. दृष्टीआड सृष्टी! मी हताश होऊन उभा होतो, तेव्हा वहिनी बांधावरून आल्या आणि म्हणाल्या, "आंब्यापासून सात पावलं खाली, मग करंजाच्या दिशेनं. चारी खोदत होता तेव्हा मीच भाकरी घेऊन येत होते." तिथे खणले, पाईप सापडला. वहिनींच्या ध्यानात नसते, तर सगळे रान उकरावे लागले असते.

या दिवाळीत पुतण्याने लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "चला काका, आपली लाईन कागदावर आणू." टेप घेतला, पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढली आणि दोन दिवसांत नकाशा तयार केला. मला जे कळले ते थोडक्यात देतो.

१. आधी लेव्हल घ्या. विहिरीपासून शेतापर्यंत दर शंभर फुटांवर जमीन किती चढते, किती उतरते ते वहीत लिहा. पाईपची जात त्यावरून ठरते. पाणी दहा मीटर उंच चढवायचे म्हणजे एक किलो दाब. त्यात पाईपातील घर्षणाचा दाब मिळवा आणि थोडी गुंजाईश ठेवा.

२. सरळ रस्ता हाच जवळचा असे नाही. शक्यतो बांधाकडेने न्या. पुढे-मागे विहीर, शेततळे, गोठा किंवा घर कुठे होईल याचा घरात बसून विचार करा. शेजाऱ्याच्या रानातून नेणार असाल, तर संमती लेखी घ्या. आजची गोडी उद्या वाटणीत टिकेलच असे नाही.

३. वळणे कमी ठेवा. काटकोनापेक्षा लांब बेंड बरा. प्रत्येक वळणामागे, टीमागे आणि बंद टोकामागे काँक्रीटचा ठोकळा द्या.

४. उंचवट्यावर एअर वाल, खोलगट जागी गाळ काढायला वॉशआउट. सक्शन पाईप पंपाकडे चढता ठेवा, मध्ये कुबड नको.

५. चारी तीन फुटांच्या आसपास खोल असावी, तळाला दगड नको. पीव्हीसी पाईप उन्हाने लोखंडाच्या पाच-सहा पट वाढतो. भर दुपारी ताणून बसवलेला पाईप रात्री आखडतो आणि सांधा ओढतो. म्हणून चारीत तो किंचित नागमोडी ठेवा आणि माती सकाळच्या गारव्यात लोटा.

६. चारी बुजवण्यापूर्वी प्रत्येक वळणाचे आणि वालाचे अंतर दोन कायमच्या खुणांपासून टेपने मोजून लिहा. विहिरीचा कोपरा, गटाचा दगड, घराची भिंत, अशा खुणा घ्या. एका खुणेने दिशा चुकते, दोन खुणांनी जागा पक्की होते. मोबाईलवर फोटो काढाच, पण मोबाईलच्या नकाशावर भरवसा ठेवू नका. तो काही मीटर इकडे-तिकडे दाखवतो, आणि जेसीबीला एक फूटही पुरतो.

आता माउलींच्या पत्राचे उत्तर.

ताई, तुमचा मुलगा जे काम करू म्हणतो ते खरे काम आहे, कष्टाचे आणि जबाबदारीचे आहे. साखर कारखाने, आसवन्या, दूध प्रकल्प, औषधांचे कारखाने, सगळीकडे त्याची गरज असते. जुन्या कारखान्यात नवा प्रकल्प जोडताना तर फारच. पण म्हैस विकण्यापूर्वी एवढे करा. प्रोग्रॅमची बटणे शिकायला फार दिवस लागत नाहीत. पाईपचे ज्ञान यायला वर्षे लागतात. क्लासवाल्याला विचारा, की नुसती बटणे शिकवणार, की पाईपांची जात, हवा, निचरा, तापून वाढणे, नकाशा वाचणे हेही? शिकवणारा कारखान्यात काम केलेला आहे का? आधी शिकून गेलेल्या दोन-तीन मुलांची गाठ घालून द्याल का? नोकरीची हमी देऊन सगळी फी आगाऊ मागणाऱ्यापासून चार हात दूर राहा. उद्या येणार की नाही हे ठाऊक नसलेल्या पगारासाठी आजचे दूध विकू नये.

मुलाला आधी एका बंद हंगामात जवळच्या कारखान्यात दुरुस्तीच्या कामावर मदतीला पाठवता आले, तर पाठवा. फिटरच्या हाताखाली चार महिने काढलेला मुलगा पडद्यावर वाल दहा फुटांवर ठेवणार नाही. त्यानंतरही त्याची ओढ टिकली, तर फी हप्त्याने भरायची सोय पाहा. म्हैस दावणीलाच राहू द्या. जी मुले अजून कॉलेजात आहेत त्यांनी एक ध्यानात ठेवावे, की ऑटोकॅड विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी मोफत मिळते. कॉलेजातल्या सरांकडून त्याचे नियम समजून घ्यावेत.

आणि ताई, मुलाला पहिला पाईप आपल्याच शेतातला काढायला सांगा. तुमची लाईन कुठून जाते हे त्याला माहीत आहे का, विचारून पाहा. नसेल, तर त्याच्या वडिलांना सोबत घेऊन, टेप आणि वही घेऊन रानात जाऊ द्या. तुम्हीही जा. कुणाला काय आठवत असेल ते सांगता येत नाही.

आमच्या घरच्या नकाशाच्या दोन प्रती काढल्या. एक पुतण्याकडे आहे. दुसरी वहिनींनी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली. ठेवताना त्यांनी आंब्याच्या खुणेवर बोट ठेवून मुलाला विचारले, "हे सात पावलं बरोबर मोजलीस ना?" तो म्हणाला, "सतरा फूट दोन इंच, आई." वहिनी म्हणाल्या, "मग बरोबर. तुझ्या बापानं मोजली होती तेव्हा मी तिथंच उभी होते."